सहा फुटांची पट्टी

पहिली कैची भिंतीवर चढली आणि उमाशंकर मिस्त्री वरूनच ओरडला, "रोको, रोको! छोड़ना मत!"

दोर धरलेली चारही माणसं जागच्या जागी ताठ झाली. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारात चारुलता कणकेची परात घेऊन उभी होती, तीही तशीच थबकली. कैची म्हणजे पत्र्याच्या छपराखाली असतो तो लोखंडी त्रिकोण. अंगणात तिच्या नवऱ्याच्या सुतारकामाची शेड उठत होती; तिची रुंदी आतून अठरा फूट, कैची साडेअठरा फुटांची. दोन्ही टोकं भिंतींवर तीन-तीन इंच बसायची, असं ठरलेलं. इथे तर टोकं विटेच्या कडेला जेमतेम टेकली होती, पाऊण इंच असेल नसेल. उमाशंकरने हाताने जरा हलवून पाहिलं, तर डावीकडच्या सिमेंटचा टवका निघाला आणि खाली उभ्या माणसाच्या खांद्यावरून घरंगळत गेला.

"उतरवा," तिचे यजमान बळवंतराव म्हणाले. "हळू. खालची माणसं बाजूला व्हा रे आधी."

कैची खाली आली. बळवंतरावांनी भिंतीला टेकवून ठेवलेली सागवानी पट्टी उचलली, सहा फुटांची, आणि कैचीवर ओळीने तीनदा ठेवली. तीन पट्ट्यांचे अठरा फूट. त्यापुढे सहा इंच उरायला हवे होते. उरले पावणेदोन.

"चार इंचांवर खाल्लंय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चारुलताने परात खाली ठेवली. "आणि पाचही कैच्यांत. बोलवा त्या अर्पितला."

अर्पित दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. यमुनाबाईंचा मुलगा. वडील तो शाळेत असतानाच गेले. आईने समाजातल्या लग्नामुंजीत पुरणपोळ्या लाटून त्याला आयटीआय शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी त्याने उज्जैन रोडला वेल्डिंगचं दुकान टाकलं. देवासमध्ये प्रत्येकाला भिया-भिया, म्हणजे भाऊ-भाऊ, करत कामं मिळवणारे पुष्कळ. हा मात्र कमी बोलायचा आणि दिल्या दिवशी माल पोचवायचा. बळवंतरावांनीच चार ठिकाणी त्याचं नाव सांगितलेलं. शेडच्या कैच्यांचं मापही त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून दिलेलं. "तू यायची गरज नाही, माप मी देतो," असं म्हणून.

तो आला. टेप काढून आधी कैची मोजली. साडेअठरा फूट, बरोबर. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप ताणला आणि वाकून दोनदा आकडा वाचला.

"काका, कैची बरोबर आहे. दीवारच मोठी झालीये. अठरा फूट चार इंच, वर अडीच सूत."

"भिंत या पट्टीने बांधली आहे."

"मग पट्टी बघा न एकदा."

उमाशंकरने विडी विझवली.

"ही पट्टी," बळवंतराव म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीची आहे. हिच्या मापाने काढलेली कामं परदेशात गेली, एक परत आलं नाही. तुझ्या टेपचं टोक दहा ठिकाणी आपटलेलं, ते मला माप शिकवणार?"

"काका, नवीन टेप आहे."

"मिस्त्री, तुमचा आणा."

उमाशंकरने खिशातून फीता काढला आणि लाजला. पुढचे दोन इंच कधीचेच तुटलेले, तिथे सुतळीची गाठ. "बाबूजी, म्हारा फीता की गवाही तो मती लो," तो म्हणाला. माणसं हसली, बळवंतराव हसले नाहीत.

"रविवारी मराठी समाजाच्या भवनाची सभा आहे," ते अर्पितला म्हणाले. "व्हरांड्याच्या छपराचं काम तुला द्यायचं का ते ठरायचंय. मी कमिटीवर आहे. जो आपल्या माणसाच्या घरी चार इंच लोखंड खातो, तो समाजाच्या भवनात काय करील, एवढं मी तिथे सांगणार."

अर्पितचा चेहरा उतरला. भवनाचं काम म्हणजे त्याच्या दुकानाचं पहिलं मोठं काम. आणि ते हातचं गेलं तर एकवेळ चाललं असतं, पण भर सभेत बळवंतराव सुतार एखाद्याला मापचोर म्हणाले, तर देवासातल्या मराठी घरांतून त्याला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. त्याने टेप सर्रकन आत ओढून घेतला आणि चालता झाला.

तो गुरुवार होता.

बळवंतरावांच्या शब्दाला एवढं वजन का, हे गल्लीतल्या कोणालाही विचारा. त्यांचे पूर्वज पवारांच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेतून आले ते तोफांचे गाडे आणि रथ दुरुस्त करायला. संस्थानं गेली, रथ गेले, सुतारकी राहिली. बळवंतराव विशीत ओतकामाच्या कारखान्यात लागले, पॅटर्न करायला. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. तो नमुना म्हणजे पॅटर्न. तो सुताभराने, इंचाच्या आठव्या भागाने, चुकला की ओतलेले शंभर नग भंगारात.

लग्न होऊन धारहून देवासला आल्यावर पहिल्याच महिन्यात चारुलताने विचारलं होतं, "हे गाडीचं चाक एवढंच असतं, मग तुमचं लाकडी मोठं का?" बी.ए. झालेली मुलगी, कुतूहल भारी. बळवंतराव खूश झाले होते. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणाले, म्हणून नमुना मुळातच मोठा करायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आक्रसतं शंभराला एक, पोलाद शंभराला दोन. प्रत्येक वेळी हिशेब कोण करणार? म्हणून आमच्या पट्ट्याच मोठ्या असतात. पट्टीवर लिहिलेलं सहा फूट, असते त्याहून लांब. चारुलताला ते लगेच पटलं. ताटात थापलेल्या वड्या निवल्या की ताटाची कड सोडतात, तसंच हे.

अशा तीन पट्ट्या त्यांनी स्वतः सागवानाच्या करून घेतल्या होत्या. एक खऱ्या मापाची, तिच्या टोकाला काही नाही. बिडाची, तिच्या टोकाला निळ्या रंगाचं कडं. पोलादाची, तिला लाल. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळाबरोबर तिन्ही घरी आल्या आणि माळ्यावर गेल्या. कारखान्यात तोवर नमुने कापायला संगणकाचं मशीन आलं होतं. बळवंतराव त्याबद्दल वाईट बोलत नसत. फक्त दर महिन्याला कॅलेंडरचं पान उलटलं की मागच्या कोऱ्या बाजूवर शेडचा नकाशा काढत. उत्तरेला मोठी खिडकी, उजेडासाठी. खिडकीखाली बाक. दार चार फुटी, लाकडाच्या फळ्या आडव्या न करता आत जातील असं. दोन वर्षं असे नकाशे चालले. इंदूरचा एक पितळवाला घंटांचे नमुने करून द्याल का म्हणून विचारून गेला, तेव्हा पायाच खणला.

आणि भिंती अठरा फुटांवर घ्यायच्या दिवशी त्यांनी हाक मारली होती, "अगं, माळ्यावरची पट्टी काढून दे बरं."

स्टुलावर चढून पट्टी काढून दिली चारुलताने.

शुक्रवारी ही गोष्ट सगळीकडे झाली. भाजीवालीपाशी दोघी जणी बोलत होत्या, चारुलता दिसताच गप्प झाल्या. शनिवारी कळलं की अर्पितच्या दुकानात कोणी जिन्याचं काम सांगून गेलेलं, तो परत येऊन अर्पितच्याच समोर त्याचा टेप मागून तपासून गेला. बळवंतराव घरात फारसं बोलत नव्हते. शेडकडे गेले नाहीत. पाच कैच्या निंबाखाली पडून होत्या, पट्टी भिंतीला टेकलेली होती, आणि ते व्हरांड्यात पेपर उलटा-सुलटा करत बसायचे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं राहिलेलं. पेपर ते वाचत होते असं चारुलताला वाटेना.

रविवारी सकाळी दहाला यमुनाबाई आल्या. आल्या त्या बसल्याच नाहीत.

"वहिनी, माझ्या पोराने लोखंड खाल्लं म्हणे?"

"यमुनाबाई, बसा तरी."

"बसायला नाही आले. तुमच्या घरच्या तीन मुंजी-लग्नांच्या पोळ्या मी लाटल्या. कधी गूळ कमी पडला? कधी तूप घरी नेलं?"

"असं कसं बोलता?"

"मग माझ्या पोटचं असं करील असं वाटलंच कसं तुमच्या यांना?" त्यांचे डोळे कोरडे होते. "तीन दिवस जेवला नाही नीट. काल म्हणतो, आई, टेप बदलून आणतो नवीन. मी म्हटलं, टेप कशाला बदलतोस, चोर असल्यासारखा? वहिनी, भाऊंना सांगा, पाच वाजता सभेत जे बोलायचं ते नीट विचार करून बोला. आज त्यांनी म्हटलं की झालं. मग मी किती पोळ्या लाटल्या तरी धुतलं जाणार नाही."

व्हरांड्यात पेपर सळसळला. यमुनाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. पदर खांद्यावर ओढून निघून गेल्या.

चारुलता आत आली. नवऱ्याला काय म्हणणार? चाळीस वर्षं ज्या माणसाच्या मापात चूक निघाली नाही, त्याला मापाबद्दल काय सांगणार? हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने शिवणाच्या पेटीवरचा पडदा उचलला. शेडमधला लाकडाचा भुसा स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून एक जाड पडदा मधोमध आडवा लावायचं तिच्या डोक्यात होतं. जुन्या गाद्यांच्या खोळी उसवून, जोडून, पंधरा दिवस ती तो शिवत होती. अठरा फूट भरायला हवा म्हणून तिने आपल्या शिवणाच्या टेपने तीनदा मोजलेला. म्हटलं, दोरी बांधून लावून तरी बघू.

ती शेडमध्ये गेली. वर आभाळ, चारी बाजूंना ओल्या सिमेंटचा वास. दोन्ही भिंतींत खिळे होतेच. तिने दोरी ओढून बांधली, पडदा डावीकडून सरकवत सरकवत उजवीकडे नेला. भिंतीपर्यंत पोचला नाही. पंजाएवढी फट राहिली.

तिने पडदा ताणून पाहिला. खोळीचं जाड कापड, ताणून किती ताणणार? शिवण दुमडल्यामुळे कमी पडलं असेल म्हणावं, तर मोजलं होतं ते शिवून झाल्यावर. ती तिथेच विटांच्या ढिगावर बसली आणि फटीकडे बघत राहिली. फटीत चार बोटं घातली. चार बोटं आणि अंगठा. कैच्याही एवढ्याच कमी पडल्या होत्या.

अर्पितचा टेप आणि तिचा शिवणाचा टेप, दोघांची कधी गाठभेट नाही. मग दोघेही खोटे, आणि खोटे ते अगदी एकाच मापाने?

ती उठली, भिंतीला टेकवलेली सागवानी पट्टी तिने आडवी केली आणि शिवणाचा टेप लावला. टेप साठ इंचांचा. तिथे पेन्सिलीने खूण, पुढे उरलेलं. बारा यायला हवे होते. तेरा आले, आणि वर जवळजवळ अर्धा. पुन्हा मोजलं. तेरा आणि जवळजवळ अर्धा.

पट्टीचं टोक तिने उन्हात धरलं. टोकावर शेंदराचा जाड, काळपट तांबडा थर. तो बघताना तिला आधी काहीच सुचलं नाही आणि मग सगळं एकदम सुचलं.

खंडेनवमीला या घरात हत्यारं धुऊन पाटावर मांडायची. करवती, रंधे, पटाशा, पट्ट्या. सगळ्यांना तेल-शेंदूर लावायचा, झेंडू वाहायचा, त्या दिवशी कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. शेंदूर चारुलता लावायची. सासूबाईंनी शिकवलं तसा, टोकाला, बोटाने. पट्ट्या निवृत्तीनंतर घरी आल्या, त्याआधीही दर नवमीला बळवंतराव त्या कारखान्यातून घरी आणायचे. पस्तीस वर्षं, दरवर्षी एक बोट. पुसायचा नसतो तो. निळं कडं, लाल कडं, कोरं टोक, तिन्हीवर शेंदूर. तीन सारख्या, तांबड्या टोकांच्या पट्ट्या, आणि वर एका डोळ्याचा नवरा.

ती माळ्यावर चढली. दुसऱ्या दोन पट्ट्या काढल्या, मोजल्या. एक बाहत्तर आणि पाऊणच्या जरा आत. एक बरोबर बाहत्तर इंच, म्हणजे सहा फूट. मग रॉकेलमध्ये चिंधी बुडवून तिने शेडमधल्या पट्टीचं टोक घासलं. थर निघता निघेना. नखाने खरवडला. खाली लाल कडं होतं, रंग अजून ताजा. पोलादाची पट्टी. आणि ती तिनेच काढून दिली होती.

घड्याळात तीन वाजायला आले होते.

बळवंतराव पलंगावर आडवे होते, झोपलेले नव्हते. चारुलताने तिन्ही पट्ट्या त्यांच्या शेजारी ठेवल्या. लाल कड्याची वर.

"अहो, ऐका. पडदा कमी पडला."

"मग?"

"कैच्यांएवढाच कमी पडला. मी पट्टी मोजली."

"तू आता मापं काढायला लागलीस?"

"पडद्याचं काढलं. त्यात हे निघालं." तिने टोक त्यांच्यासमोर धरलं. "भिंती पोलादाच्या पट्टीने बांधल्यात."

ते उठून बसले. पट्टी हातात घेतली नाही.

"हा शेंदूर कोणी फासला?" ते म्हणाले.

"मी. दरवर्षी. आणि पट्टी काढून दिली तीही मीच. सांगा सभेत, बायकोने शेंदूर फासला म्हणून चुकलो. मला चालेल. पण अर्पितचं नाव सोडवा."

"तुला काय चालायचंय?" ते एकदम उसळले. "लोक मला विचारतील! चाळीस वर्षं पट्टी हातात धरली, आणि स्वतःच्या घराच्या भिंतीला पोलादाची लावली? बळवंतराव आंधळा झाला म्हणतील. इंदूरचा तो पितळवाला घंटा घेऊन माझ्याकडे येईल?"

"नाही येणार कदाचित."

या उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. मग पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "गुरुवारी तो म्हणाला न, पट्टी बघा एकदा. तेव्हा हातात होती. वजनाला जरा जास्त वाटली. वाटलं फक्त. म्हटलं, उद्या माळ्यावर बघू. मग शुक्रवारी नाही बघितलं. कालही नाही."

चूक चारुलताला समजत होती. हे तीन दिवसांचं न बघणं समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर राग आला, लग्नानंतर फार थोड्या वेळा आला होता तसा.

"यमुनाबाई दारात उभ्या राहून बोलून गेल्या, तेव्हा तुम्ही व्हरांड्यात होतात," ती म्हणाली. "आज तुम्ही नाही बोललात, तर बायकांच्या रांगेतून मी उठेन. पडदा घेऊन येईन."

साडेचारला त्यांनी धोतर-टोपी चढवली, लाल कड्याची पट्टी खांद्याला लावली आणि तिला न सांगता बाहेर पडले. त्यांच्या मनात काय होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पट्टी नेली ती खरं सांगायला की पुन्हा एकदा तीन वेळा मांडून दाखवायला? तिने दाराला कडी घातली, कापडी पिशवीत पडद्याची घडी कोंबली आणि मागोमाग निघाली. देवीच्या टेकरीकडे जाणाऱ्या लोकांची रविवारची गर्दी, त्यातून ती उंच पट्टी पुढे पुढे हलताना दिसत होती. त्यांना गाठायचा तिने प्रयत्न केला नाही.

भवनात पन्नासेक माणसं होती. टेबलामागे नारायणराव, निवृत्त हेडमास्तर, कमिटीचे अध्यक्ष. शेजारी बळवंतरावांची खुर्ची. दाराजवळ अर्पित, मांडीवर हेल्मेट. यमुनाबाई बायकांच्या रांगेत पुढे होत्या. चारुलता मागे बसली, पिशवी मांडीवर. यमुनाबाईंनी मान वळवली नाही.

मागच्या सभेचा वृत्तांत झाला. नळाचं झालं. गणपतीच्या वर्गणीचं झालं. प्रत्येक विषयाला लोक हो-हो म्हणत होते आणि डोळे बळवंतरावांकडे. अखेर नारायणराव खाकरले.

"व्हरांड्याच्या छपराचं काम. अर्पितचा अर्ज आला आहे. बळवंतराव, आपल्याला काही सांगायचं होतं, असं कानावर आहे."

बळवंतराव उभे राहिले. पट्टी टेबलावर आडवी ठेवली, दोन्ही टोकं टेबलाबाहेर आली होती.

"अर्पितने माझ्या घरी पाच कैच्या दिल्या," ते म्हणाले आणि थांबले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चारुलताने पिशवीत हात घातला, घडीचं टोक मुठीत धरलं आणि पाय जमिनीवर रोवले.

"अर्पित, तुझा टेप घेऊन इकडे ये."

"कशाला, काका? पुन्हा खोटा ठरवायला?"

"ये म्हटलं न."

तो आला.

"ही पट्टी मोज. मोठ्याने सांग."

अर्पितने टेप लावला. वाकून पाहिलं. वर बघितलं, पुन्हा वाकला. "छे फूट... एक इंच... साडेतीन सूत." त्याचा आवाज बदलला. "काका, ही तर लांब आहे!"

"पोलाद ओतायच्या कामाची आहे. लांबच असते. पट्टी बरोबर आहे." बळवंतराव लोकांकडे वळले. "ती भिंतीला लावली मी. न तपासता लावली. या मुलाने तपासा म्हटलं, तर त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटलं. त्यानंतर मला शंका आली, तरी तीन दिवस गप्प बसलो. कैच्या एका सुताने चुकलेल्या नाहीत. चुकलो मी."

शेंदराचं ते बोलले नाहीत. चारुलताची मूठ सुटली.

कोणीतरी मागून म्हणालं, "काका, मग शेड थंड होऊ द्या न, येईल मापात!"

हशा पिकला. नारायणरावही हसले, मग सावरून बसले. बळवंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते उभेच राहिले, सगळे हसून होईपर्यंत. अर्पित हसला नाही.

"माझं मत अर्पितला काम द्यावं असं आहे," बळवंतराव म्हणाले. "आज माझ्या मताला किती धरायचं, ते तुम्ही ठरवा."

"झालं?" अर्पित म्हणाला. "जिन्यावाला परवा माझा टेप पाहून गेला, तो कोणाच्या घरी जाऊन हे सांगायचं आता?" त्याने टेप खिशात टाकला, हेल्मेट उचललं आणि निघून गेला. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. यमुनाबाई उठून त्याच्यामागे गेल्या. जाताना चारुलताशेजारून गेल्या, थांबल्या नाहीत.

घरी येताना दोघं एकाच रिक्षात बसले. पट्टी रिक्षात मावेना, बाहेर काढून धरावी लागली.

"जिन्याचं काम कोणाचं होतं?" बळवंतरावांनी विचारलं.

"बघते विचारून."

सोमवारी ते स्वतः त्या माणसाच्या घरी गेले आणि तासाभराने परत आले. काय बोलले ते सांगितलं नाही. घसा बसला होता, एवढं तिला कळलं. अर्पित सोमवारी आला नाही. उमाशंकर येऊन विचारून गेला, "बाबूजी, कई करां? भींत तोड़ां?" बळवंतराव म्हणाले, थांब.

मंगळवारी नऊ वाजता गल्लीत लोडिंग रिक्षा थांबली. वेल्डिंगचं मशीन, लोखंडी पट्ट्यांचे तुकडे आणि अर्पित.

"चहा टाकते," चारुलता म्हणाली.

"नको काकू, घाई आहे." त्याने कैच्यांभोवती एक फेरी मारली, टोकांवर नखाने टकटक केलं. "दोन्हीकडे प्लेट वेल्ड करून लांब करतो. भिंत पाडायची गरज नाही. पण आधी प्रत्येक कैचीची जागा अलग मोजावी लागेल. दीवार पूरी एकसारखी नसेल."

बळवंतराव शेडच्या दारात उभे होते. आत यावं की नाही, असे.

"भवनाचं काम?" त्यांनी विचारलं.

"काल रात्री नारायणराव घरी आले होते. दिलं."

"मापं घ्यायला माणूस लागेल तुला. व्हरांडा लांब आहे."

"घेतली आज सकाळी."

"टेपचं टोक कोणी धरलं?"

"आईने." अर्पितने टेप काढला, फीत बाहेर ओढली आणि तिचं टोक पुढे केलं. "इथलं तुम्ही धरा."

बळवंतराव आत आले. टोक घेतलं, डाव्या भिंतीला लावलं, आणि टेप हलू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. अर्पित मागे मागे सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. आकडा त्याने वाचला आणि त्यानेच लिहून घेतला. बळवंतराव बघायला गेले नाहीत. पुढची जागा दाखवायला हात वर केला, तर अर्पित म्हणाला, "अजून धरा, काका. एकदा परत बघतो."